लाबानाच्या घरून निघताना

शास्त्रपाठ : उत्पत्ति, अध्याय ३० व ३१



जुन्नर तालुक्यातील ओझर हे गाव विघ्नहराच्या देवळामुळे महाराष्ट्रभर ठाऊक आहे. गावास लागून कुकडी वाहते, आणि येडगावच्या धरणामुळे तेथे पाण्याचा तोटा पडत नाही. पाणी आहे म्हणून ऊस आहे. आणि ऊस आहे म्हणून त्यात बिबट्याही आहे. ह्या भागातील वाचकांस हे सांगावयास नको. दूरच्या मंडळ्यांतील वाचकांनी मात्र पुढील हकिकत वाचताना ते ध्यानात ठेवावे.

ओझराजवळच्या एका मळ्यावर आमच्या मंडळीतील एक तरुण सालाने राहिला होता. साल म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंतची चाकरी. वर्षाची रक्कम ठरते, तिच्यापैकी काही आरंभीच उचल म्हणून मिळते, शिवाय धान्य, अंगावरचे कापड व राहावयास एक खोली. अशी चार साले त्याने एकाच मालकाकडे काढली. चौथे साल सरत आले तेव्हा होळीच्या दिवशी त्याने मालकास सांगितले की, आता पुढील साल मी धरीत नाही. थोरली मुलगी शाळेच्या वयाची झाली आहे, तेव्हा नारायणगावी बिऱ्हाड करावे व रोजाने काम करावे असा माझा विचार आहे. उचल फिटलेली होती. बोलणे नम्र होते. मालक त्या वेळी काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्याची तऱ्हा पालटली. आजवर उसाला रात्रीचे पाणी द्यावयास दोन गडी जात असत. ती पाळी आता ह्या एकट्यावर आली. पावसाळ्यात जळालेल्या विहिरीवरील मोटारीचा खर्च, ज्याचा तोवर कोणी उच्चारही केला नव्हता, तो एकाएकी ह्याच्या नावे लागला. जेवणास बसला की हाक येई. बायकोस अंगणातून ऐकू जाईल अशा बेताने शिव्या दिल्या जात. पाचव्या रात्री तो आमच्या दारी आला आणि म्हणाला, “मास्तर, भांडीकुंडी बांधून ठेवली आहेत. पहाटे मालक बाजाराला जातो. त्याच वेळी निघतो.”

त्यास बसवून घेतले, चहा दिला, आणि शास्त्र उघडून लाबानाचा भाग वाचला. जे त्या रात्री वाचले व जे मनात आले, तेच ह्या लेखात मांडीत आहे.

याकोबाने चाकरी सोडण्याची गोष्ट लाबानाजवळ पहिल्याने काढली ती एकतिसाव्या अध्यायात नव्हे, तर तिसाव्या अध्यायात, हे पुष्कळ उपदेशकांच्याही नजरेतून निसटते. योसेफ जन्मला तेव्हा याकोबाने सासऱ्यास उघडपणे म्हटले की, माझ्या बायका व मुले माझ्या स्वाधीन कर व मला माझ्या देशास जाऊ दे. मी तुझी चाकरी कशी केली हे तुला ठाऊक आहे. ह्यात काही लपवालपवी नाही. दोन मुलींसाठी ठरलेली चौदा वर्षे भरली होती. आणि लाबानाने काय केले? तो रागावला नाही. तो गोड झाला. तुझ्यामुळेच माझी भरभराट झाली असे मला शकुनावरून कळले आहे, तू राहा, वेतन काय ते तूच सांग, अशी त्याची भाषा. चौदा वर्षांत न निघालेली स्तुती जाण्याचे नाव काढताच तोंडातून बाहेर पडली. याकोब राहिला. ठिपकेदार व काळी जनावरे हे त्याचे वेतन ठरले. आणि त्याच दिवशी लाबानाने तशी सर्व जनावरे कळपातून निवडून आपल्या मुलांच्या हाती दिली व तीन दिवसांच्या वाटेवर पाठवून दिली.

म्हणून ज्याने चाकरी सोडण्याचे पक्के केले आहे त्याने मालकाच्या शिव्यांपेक्षा त्याच्या गोडीस अधिक भ्यावे असे मला वाटते. शिव्या ऐकून मनुष्य निघून तरी जातो. गोडीला भुलून याकोब आणखी सहा वर्षे राहिला, आणि त्या सहा वर्षांत त्याचे वेतन दहा वेळा बदलण्यात आले. स्तुती खरी असेल तर ती आनंदाने ऐकावी. परंतु ज्या कारणासाठी निघावयाचे ठरविले ते कारण नाहीसे झाले आहे काय, एवढे एकट्याने बसून, प्रार्थनापूर्वक, स्वतःस विचारावे.

पुढे एकतिसावा अध्याय. लाबानाचे मुलगे कुजबुजू लागले की, ह्याने आमच्या बापाचे सर्व घेतले. आणि लाबानाची मुद्रा पूर्वीसारखी राहिली नाही. ज्याने कधी दुसऱ्याच्या घरी चाकरी केली आहे त्यास ही मुद्रा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. ती सकाळी दारात दिसते आणि दिवसभर पाठीवर जाणवते.

आता मालकास एवढा राग का यावा? चाकर गेला तर दुसरा मिळतो. कामाची अडचण होते हे खरे. पण अडचणीचा राग वेगळा, आणि हा राग वेगळा. ह्याचे उत्तर लाबानाच्याच तोंडून अध्यायाच्या शेवटी बाहेर पडते. मुली आपल्या, नातवंडे आपली, कळप आपला, किंबहुना डोळ्यांपुढे दिसते ते सारे आपलेच, असा त्याचा दावा आहे. वीस वर्षे तो याकोबास चाकर समजत नव्हता. आपली वस्तू समजत होता. याकोब जावयास निघाला तेव्हा लाबानास प्रथमच कळले की हा मनुष्य आपला कधीच नव्हता. फारोचेही असेच झाले. मोशे व अहरोन ह्यांनी तीन दिवसांची रजा मागितली, आणि त्याच दिवशी हुकूम सुटला की इस्राएल लोकांस विटांकरिता पेंढा देऊ नये, तो त्यांनी स्वतः गोळा करावा, आणि विटांची संख्या मात्र तीच राहावी. ह्यात फारोचा कसला लाभ? विटा वाढल्या नाहीत. उलट माणसे पेंढ्यासाठी देशभर पांगली. रजा मागणारा मनुष्य स्वतःस स्वतंत्र समजू लागला आहे हेच त्यास सहन झाले नाही.

आपल्या लोकांना हे इतर कोणाहून अधिक कळावे. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे गावकीच्या वतनाने बांधलेले होते. त्या चाकरीस वेळ नव्हती, काळ नव्हता, आणि तिचा राजीनामाही नव्हता. ‘मी हे काम करणार नाही’ असे म्हणणाऱ्याचे बलुते बंद होई, पाणवठा व वाट अडविली जाई. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करण्याचे बिल मांडले. आणि गावकामगारांची ती कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने नाहीशी झाली. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा. तेव्हा होळीच्या दिवशी मालकापुढे उभे राहून ‘पुढील साल मी धरीत नाही’ असे म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. जो असे म्हणू शकतो तो दास नाही. आणि पौल करिंथकरांस लिहितो की, दासालाही मोकळे होता येत असेल तर त्याने ती संधी साधावी.

हे मुद्दाम लिहितो, कारण पेत्राच्या पहिल्या पत्रातील एक वचन ह्या कामी वाईट रीतीने वापरले गेलेले मी ऐकले आहे. कठोर धन्यांच्याही अधीन असा, असे पेत्र चाकरांस सांगतो. ते वाचून एका उपदेशकाने एका बाईस कामावर परत पाठविले, जेथे तिजवर हात उगारला जात होता. बंधूंनो, पेत्र ज्यांस लिहीत होता त्यांस सोडून जाण्याचा मार्गच नव्हता. अशांचे दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशेजारी ठेवून तो त्यांस धीर देत आहे. ज्यास दार उघडे आहे त्याने ते लावून घ्यावे अशी आज्ञा तेथे नाही. आणि रात्रीच्या उसात एकट्याने जा, असा हुकूम शिक्षा म्हणून कोणी केला, तर तो पाळणे हा नम्रपणा नव्हे. ज्या तालुक्यात पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोह येथे निवाऱ्याचे केंद्र उभारावे लागले, तेथे ह्या हुकुमाचा अर्थ देणारासही ठाऊक असतो व घेणारासही.

परंतु आता दुसरी बाजू. याकोब निघाला कसा? लाबान मेंढरांची लोकर कातरावयास गेला असता, त्यास न कळविता, चोरून. बायकामुले उंटांवर बसविली, फरात नदी ओलांडली, आणि लाबानास तिसऱ्या दिवशी बातमी कळली. सात दिवस पाठलाग करून त्याने गिलाद डोंगरात त्यास गाठले. तेथे लाबान काय म्हणतो पाहा. मला सांगितले असतेस तर मी तुला गाण्याबजावण्याने पोहोचविले असते. लेकी व नातवंडे ह्यांचे मुकेसुद्धा तू मला घेऊ दिले नाहीस. लाबानाने डफ वाजवून कोणास वाटेस लावले असते हे मला तरी खरे वाटत नाही. पण त्याच्या तोंडी हे बोलणे कोणी घातले? याकोबाच्या पळण्याने. वीस वर्षे ज्याच्यावर अन्याय झाला तो एका रात्रीत आरोपी झाला, आणि ज्याने अन्याय केला तो दुखावलेला बाप झाला.

याकोबास मी फार दोष देत नाही. आपण भ्यालो होतो, मुली बळाने हिरावून घेशील असे वाटले, असे तो सरळ कबूल करतो. आणि ते भय खोटे नव्हते. देवाने स्वप्नात लाबानास बजावले नसते तर गिलादात काय झाले असते कोण जाणे! जेथे जिवाचे किंवा अब्रूचे भय आहे तेथे मनुष्याने रात्रीही निघावे, आणि मंडळीने त्यास दार उघडावे. परंतु जेथे केवळ वाईट मुद्रा सोसण्याचा कंटाळा आहे, तेथे उजेडीच निघावे.

आणि राहेलीचे काय? तिने बापाच्या गृहदेवता उचलल्या व उंटाच्या खोगिरात लपविल्या. का, हे शास्त्र सांगत नाही. परंतु दोघी बहिणी नुकत्याच म्हणाल्या होत्या की, बापाने आम्हांस विकले व आमचे द्रव्यही खाऊन टाकले. तेव्हा ‘आमचे त्याच्याकडे निघते, मग हे घेतले तर काय झाले’ असा विचार तिच्या मनात आला असेल तर नवल नाही. याकोबास ह्याची गंधवार्ता नव्हती. तो छाती ठोकून म्हणतो की, ज्याजवळ तुझे देव सापडतील तो जिवंत राहावयाचा नाही. ही शपथ त्याने आपल्या सर्वांत प्रिय माणसावर घातली हे त्यास कळलेच नाही. शोध लागला असता तर वीस वर्षांच्या प्रामाणिकपणाची एका क्षणात माती झाली असती.

येथपर्यंत वाचून झाले तेव्हा आमचा तरुण बराच वेळ खाली पाहत बसला. मग म्हणाला की, बायकोने मालकाकडचा पितळेचा हंडा भांड्यांत बांधला आहे. मालक मोटारीचे पैसे कापणार, मग हंडा आपलाच, असे तिचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी तो हंडा जागच्या जागी गेला. तो परत नेऊन ठेवावयाला ती स्वतः गेली, घासूनपुसून. मला विचाराल तर ह्या सर्व प्रकरणात सर्वांत अवघड काम तेच होते.

उरलेल्या दहा दिवसांत त्याने काय केले ते सांगतो. मालकाकडे जाऊन तो म्हणाला, “पाडव्यापर्यंत मी तुमचा गडी आहे, काम सोडणार नाही. रात्रीच्या पाण्यालाही जाईन, पण एकटा जाणार नाही. दुसरा गडी व चांगली बॅटरी द्या, नाहीतर दिवसाची वीज असेल तेव्हा पाणी देतो.” मालक पुष्कळ बोलला. ह्याने उत्तर दिले नाही आणि एकटा गेलाही नाही. तिसऱ्या दिवशी दुसरा गडी मिळाला. शिव्या चालूच राहिल्या. ह्याच्या मनातही पुष्कळ येई. पाटाचे पाणी फोडून द्यावे, पंपाच्या खोलीची किल्ली विहिरीत टाकावी, असे एका रात्री मनात आल्याचे त्याने आम्हांस सांगितले. किल्ली विहिरीत गेली नाही. शेवटच्या दिवसांत त्याने उसाचे बांध नीट केले, खोरी-कुदळी-विळे मोजून एका कोपऱ्यात लावले, आणि नव्या गड्यास कोणत्या दाराने पाणी किती वेळ सोडावे हे दाखविले. पौल कलस्सैकरांस लिहितो की, माणसांस खूष करणाऱ्यांसारखे तोंडदेखले काम न करता ते प्रभूचे म्हणून करावे. जाणाऱ्या चाकरास तर तोंडदेखले काम करून मिळवावयाचे काहीच उरलेले नसते. म्हणून त्याचे ते दिवस फार निर्मळ असू शकतात.

हिशेबाची गोष्ट आम्ही त्याच्या एकट्यावर सोडली नाही. याकोबाने गिलादात काय केले? तुझ्या व माझ्या भाऊबंदांपुढे सर्व मांड, त्यांनी दोघांचा न्याय करावा, असे तो म्हणाला. दिवसा ऊन व रात्री हिवाळा सोसला, श्वापदाने फाडलेल्याची भरपाई आपणच केली, हेही त्याने तेथेच सांगितले. मेंढवाड्यात पाठीमागे कुरकुर केली नाही. त्याप्रमाणे मंडळीचे दोन वडील व मालकाच्याच भावकीतील एक शहाणे गृहस्थ असे तिघे बसले. मोटारीचा विषय निघाला तेव्हा शेजारचा बागाईतदार आपण होऊन म्हणाला की, त्या रात्री विजेचा दाब वाढून नदीकाठच्या आणखी दोन मोटारी जळाल्या होत्या. त्यात गड्याचा काय दोष? मालकाने निम्मा खर्च सोडला. निम्मा धरून ठेवला.

ज्यांची मुले नारायणगावास दुकानांत, चाकणास कारखान्यांत, किंवा शाळा-इस्पितळांत नोकरीस आहेत, त्यांनीही ह्यातून आपल्यापुरते घ्यावे. राजीनामा लेखी द्यावा, त्यावर तारीख घालावी, एक प्रत आपल्याजवळ ठेवून तिजवर पोच घ्यावी. आपल्या ताब्यातील वस्तू सोपविल्याची सही घ्यावी. याकोब व लाबान ह्यांनी धोंड्यांची रास केली व तिला साक्षीची रास म्हटले. ह्या राशीपलीकडे येऊन दोघांनीही एकमेकांचे वाईट करू नये, असा करार झाला. कित्येक भाविक मंडळी मिस्पा हे नाव प्रेमाची खूण म्हणून वापरतात. मुळात ती एकमेकांवर भरवसा नसलेल्या दोघांची पोच होती. भरवसा नसतानाही शांततेने दूर होता येते, हे त्या धोंड्यांवरून मला कळते.

मिशनच्या चाकरीत असलेल्या उपदेशकांसाठीही दोन शब्द. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले व पुढे अनेक वर्षे अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ हे नवे काम आरंभिले. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. म्हणजे त्या नव्या कामास त्यांस पुरी दोन वर्षेही क्वचितच मिळाली. पगार सुटला म्हणून त्यांचे काम सुटले नाही. चाकरी सोडणे म्हणजे पाचारण सोडणे नव्हे. आणि सोडून जाणाऱ्या उपदेशकास अविश्वासू म्हणण्याची आमच्या कमिट्यांस जी सवय आहे ती लाबानाची सवय आहे.

आणि आता आपल्यांतही मालक आहेत. कोणाची द्राक्षबाग आहे, कोणाची पिठाची गिरणी, कोणाची शिकवणी. त्यांनी अनुवादाचा पंधरावा अध्याय वाचावा. सुटून जाणाऱ्या दासास रिकाम्या हाताने पाठवू नये, कळपातून, खळ्यातून व द्राक्षकुंडातून त्यास उदारपणे द्यावे, अशी तेथे आज्ञा आहे. राहणाऱ्यास देणारे पुष्कळ. ही आज्ञा जाणाऱ्यास देण्याची आहे. आणि मजुरी अडवून ठेवणाऱ्यांनी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचावा. तेथे ती अडविलेली मजुरीच ओरडत आहे, आणि तो आवाज सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे.

पाडव्याच्या सकाळी घरोघर गुढ्या उभ्या राहत असता आमच्या तरुणाने बिऱ्हाड टेंपोत भरले. मालक बाहेर आला नाही. त्याची म्हातारी आई मात्र काठी टेकीत आली, दोन शेर हरभरे तिने मुलीच्या ओट्यात घातले, धाकट्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली, आणि काही न बोलता आत गेली. लाबानानेही शेवटी पहाटे उठून नातवंडांचे मुके घेतले व त्यांस आशीर्वाद दिला. मग तो आपल्या ठिकाणी परत गेला.

मोटारीचा निम्मा खर्च अद्याप मालकाकडेच आहे. ‘जाऊ द्या, मास्तर,’ असे तरुणाने एकदा म्हटले. आम्ही जाऊ दिले नाही. दोन वेळा विचारावयास गेलो, शांतपणे बोललो, परत आलो. येत्या रविवारी उपासनेनंतर तिसरी खेप आहे, आणि ह्या वेळी तो स्वतः बरोबर येणार आहे.